चाळीस माणसांचं घरचं जेवण : गैरसमज आणि वस्तुस्थिती

सत्यनारायण, बारसं, साठीशांत किंवा सगळी भावंडं एकत्र जमणार असतील असा एखादा रविवार. घरात चाळीस माणसं जेवायला आहेत म्हटलं की बऱ्याच घरांतून पहिला फोन केटररला जातो. ज्यांना घरीच रांधायचं असतं, त्यांच्याही मनात धास्ती असते. तिच्यामागे खरं काम थोडं असतं, ऐकीव समजुतीच जास्त असतात. मोठ्या संख्येला साधं जेवण घरी उत्तम होतं, फक्त त्याचा हिशेब वजनकाट्याचा आणि घड्याळाचा हवा. खालची सगळी मापं ४० माणसांची आहेत. त्यात ८ लहान मुलं धरली आहेत. एक मूल म्हणजे अर्धं पान, म्हणून एकूण ३६ पानं.

गैरसमज : माणसं जास्त, म्हणून पदार्थही जास्त हवेत.

वस्तुस्थिती : आपल्याकडे शेकड्यांनी पानं उठतात, तिथलं जेवण पाहावं. खानदेशात वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी. सांगली-कोल्हापूरकडे यात्रेच्या प्रसादाला गव्हाची खीर आणि आमटी-भात. मालवणात वडे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं. वारीच्या वाटेवर पिठलं-भाकरी. पदार्थ दोन-तीनच, पण गरम आणि पोटभर. या जेवणांना कोणी कमी लेखत नाही, उलट लोक त्यांची वाट पाहतात.

वाढवलेला प्रत्येक पदार्थ एक शेगडी, एक पातेलं आणि वाढायला एक माणूस अडवतो. घरात शेगड्या तीन किंवा चार. म्हणून वरण-भात, बटाट्याची भाजी, पुरी, काकडीची कोशिंबीर आणि शिरा एवढं पुरेसं आहे. लिंबू, लोणचं आणि पापड पानाची डावी बाजू सांभाळतात.

गैरसमज : अंदाज हातालाच असावा लागतो, तो मापात सांगता येत नाही.

वस्तुस्थिती : अनुभवी हाताचा अंदाजही मुळात मापच असतो, फक्त ते कोणी लिहून ठेवलेलं नसतं. पुरी आणि भात दोन्ही असतील तर दर पानाला ७५ ग्रॅम तांदूळ, ३५ ग्रॅम तूरडाळ आणि १२५ ग्रॅम बटाटे धरावेत. ३६ पानांना पावणेतीन किलो तांदूळ, सव्वा किलो डाळ आणि साडेचार किलो बटाटे झाले. दर पानाला पाच पुऱ्या म्हणजे १८०. एक किलो कणकेच्या साठ-पासष्ट पुऱ्या होतात, तेव्हा तीन किलो कणीक लागेल. शिऱ्याला एक किलो रवा आणि कोशिंबिरीला दोन किलो काकडी पुरते.

जेवण झाल्यावर काय उरलं आणि काय संपलं, हेही त्याच कागदावर लिहून ठेवावं. प्रत्येक घराची भूक वेगळी असते. पुढच्या वेळी हा कागद कोणत्याही पुस्तकापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

गैरसमज : चौघांच्या मापाला दहाने गुणलं की चाळिसांचं माप तयार.

वस्तुस्थिती : तांदूळ, डाळ, भाजी यांचं गणित असं सरळ चालतं. पाणी, तेल आणि वेळ यांचं चालत नाही. मोठ्या पातेल्यात पदार्थ खोल असतो आणि त्या मानाने वाफ कमी जाते, म्हणून पाणी त्याच प्रमाणात वाढवलं तर भात गिचका होतो आणि वरण पातळ. फोडणीचं तेल दहापट घेतलं तर तवंग येतो. पाच-सहापट बहुधा पुरतं. तिखट-मसाला आधी पाऊण घालावा, चव पाहून उरलेला घालावा.

वेळ मात्र वाढते. घरच्या मोठ्या शेगडीवर दहा लिटर पाण्याला उकळी यायलाच अर्धा तास सहज जातो. शिवाय पावणेतीन किलोंचा भात एकाच पातेल्यात लावला, तर वरच्या वजनाने तळचा भात दबतो आणि मोडतो. तो दोन पातेल्यांत लावावा. नाहीतर भरपूर पाण्यात शिजवून वेळून काढावा, म्हणजे पाण्याच्या मापाची चिंताच मिटते.

गैरसमज : पोळ्या सोप्या, पुऱ्यांचा घाट मोठा.

वस्तुस्थिती : चौघांसाठी हे खरं आहे, चाळिसांसाठी उलट आहे. दर पानाला तीन म्हटल्या तरी १०८ पोळ्या होतात. तव्यावर एका वेळी एकच पोळी भाजते. दीड मिनिटाला एक धरली तर पावणेतीन तास लागतील. मोठ्या कढईत चार पुऱ्या एकदम पडतात आणि घाणा मिनिटाच्या आत निघतो, म्हणजे १८० पुऱ्या पाऊण ते एक तासात होतात. दोघांनी लाटायचं आणि एकाने तळायचं.

तळलेलं नको असेल तर पोळी-भाजी केंद्रातून किंवा बचत गटाकडून पोळ्या सांगाव्यात. त्याने घरचं जेवण परकं होत नाही. वरण, भाजी, गोड घरचंच असतं, आणि पोळ्या करणाऱ्या बाईच्या हाताला कामही मिळतं.

गैरसमज : मीठ जास्त झालं तर बटाटा घालावा, तो खारटपणा शोषून घेतो.

वस्तुस्थिती : बटाटा खारट पाणी शोषतो. त्यातलं मीठ तेवढं वेगळं काढून घेत नाही, म्हणून उरलेल्या रसाचा खारटपणा तसाच राहतो. उपाय एकच : पदार्थ वाढवणे. यासाठी शिजलेल्या डाळीतली वाटीभर डाळ बिनमिठाची बाजूला ठेवावी. शिजलेल्या पदार्थाच्या दर किलोला ८ ते १० ग्रॅम मीठ हे साधारण प्रमाण आहे. तेवढं तोलून घातलं की ही वेळच येत नाही.

गैरसमज : मीठ आधी घातलं की डाळ-कडधान्य शिजत नाही.

वस्तुस्थिती : भिजवण्याच्या पाण्यात चिमूटभर मीठ घातलं तर कडधान्याचं साल उलट मऊ पडतं. डाळ अडते ती आंबटामुळे आणि जड पाण्यामुळे. चिंच, आमसूल, टोमॅटो आधी पडले की डाळ कितीही उकळली तरी कणीदार राहते. बोअरवेलच्या पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही तेच करतं. म्हणून डाळ गोड्या पाण्यात शिजवावी आणि पूर्ण शिजल्यावरच आंबट घालावं.

गैरसमज : पहाटेच सगळं करून ठेवावं. वाढताना एक उकळी दिली की झालं.

वस्तुस्थिती : हा गैरसमज सगळ्यात घातक आहे. शिजलेलं अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहिलं की त्यात जंतू वेगाने वाढतात. म्हणून ते बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. उन्हाळ्यात पारा ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासाच्या वर नाही. भातात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात आणि ते उकळीतही टिकतात. कोमट भातात ते रुजतात आणि विष तयार करतात. त्यातलं उलट्या करवणारं विष पुन्हा गरम करूनही नष्ट होत नाही. वरण, उसळ, मटणाचा रस्सा मोठ्या पातेल्यात झाकून ठेवला, तर आतला भाग कित्येक तास कोमट राहतो, आणि तिथे दुसऱ्या जातीचे जंतू वाढतात.

जेवण एकला असेल तर कामं अशी लावावीत. आदल्या रात्री निवडणं, तोलणं, नारळ खवणं. बटाटे उकडून फ्रीजमध्ये. सकाळी दहाला डाळ. अकराला शिरा आणि भाजी, दोन्ही मंद आचेवर झाकून कडकडीत गरम. बाराला भात. पुऱ्यांची कढई सव्वाबाराला. कोशिंबिरीत मीठ आणि दही अगदी वाढताना घालावं, कारण मिठाने काकडीला पाणी सुटतं.

गैरसमज : अन्न पूर्ण गार झाल्याशिवाय फ्रीजमध्ये ठेवू नये.

वस्तुस्थिती : पूर्ण गार होण्याची वाट पाहणं म्हणजे जंतूंना वेळ देणं. उरलेलं अन्न पसरट भांड्यांत दोन इंचांपेक्षा कमी थरात काढावं. भांडं थंड पाण्याच्या परातीत ठेवावं आणि वाफ ओसरली की दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये सरकवावं. भरलेलं पातेलं तसंच आत ढकलू नये. ते स्वतः लवकर गार होत नाही, आणि फ्रीजमधलं बाकीचं अन्नही कोमट करतं.

गैरसमज : कमी पडून नाचक्की होण्यापेक्षा दुप्पट केलेलं बरं.

वस्तुस्थिती : नेमक्या मापावर दहा टक्के जास्त पुरतं. अर्धा किलो तांदूळ धुऊन ठेवला तर कुकरमध्ये अर्ध्या तासात भात तयार होतो, एवढी तजवीज पुरेशी आहे. दुप्पट केलेलं अन्न संध्याकाळी कोणालाच नको असतं. ते टाकताना शेतकऱ्याचे कष्ट आणि आपले पैसे दोन्ही वाया जातात.

गैरसमज : घरच्या बायका सगळ्यांचं झाल्यावर जेवतील, ही रीतच आहे.

वस्तुस्थिती : ही रीत कामाच्या चुकीच्या वाटणीतून आली आहे. नारळ खवणं, बटाटे सोलणं, पुऱ्या तळणं, वाढणं, उष्टी काढणं यांतलं एकही काम पुरुषांच्या किंवा मोठ्या मुलांच्या हातून होणार नाही असं नाही. लग्नकार्यात आणि यात्रेत मोठमोठ्या कढयांपुढे पुरुष आचारीच तर उभे असतात. म्हणून सामानाच्या यादीशेजारी कामांची यादीही लिहावी आणि प्रत्येक कामापुढे एक नाव घालावं.

मोजकं जेवण ठरवायचं ते याचसाठी. तोललेलं साहित्य, वेळेवर पेटलेली शेगडी आणि वाटून घेतलेली कामं असली, तर जिने सकाळपासून रांधलं तीही पहिल्या पंगतीला सगळ्यांबरोबर गरम जेवू शकते. पुढच्या वेळी माणसं बोलवाल, तेव्हा तिचं पान आधी मांडा.