रंग किती खोल आहे?

लेखमाला : टिकाऊ दुकान, टिकाऊ कचेरी
भाग ६ : फरशी, ओटा आणि काउंटर

नाशिकच्या पंचवटीतलं काळाराम मंदिर ज्या काळ्या पाषाणात उभं आहे, तो दिंडोरी तालुक्यातल्या रामशेजचा. अठराव्या शतकाच्या अखेरीस सरदार रंगराव ओढेकर यांनी हे मंदिर बांधवून घेतलं. तेव्हापासून दोनशेहून अधिक वर्षं त्या दगडावर पावलं पडताहेत, पाऊस कोसळतोय, तेल आणि कुंकू सांडतंय. दगड झिजतो, नाही असं नाही. पण झिजल्यावर खालून वर येतो तोही तोच दगड.

आज नाशिक-दिंडोरी-वणी रस्त्याने गेलं की दोन्ही बाजूंना नवे गाळे दिसतात. कृषी सेवा केंद्रं, औषधाची दुकानं, पतसंस्था, हॉटेलं. आत चकचकीत छापील टाइल, सनमायकाचं काउंटर, भिंतीला पीव्हीसीचे पॅनल. उद्घाटनाच्या दिवशी सगळं झकास दिसतं. काही वर्षांत उंबऱ्याजवळच्या टाइलचं नक्षीकाम पुसट होतं, काउंटरची कड फुगते, पॅनलला पोक येतं. मग दुरुस्ती होत नाही, सगळंच उपटलं जातं आणि नवं बसतं.

हा खर्च किती मोठा असतो, याकडे ब्रिटिश वास्तुविशारद फ्रँक डफी यांनी लक्ष वेधलं. कचेऱ्यांच्या इमारतींचा त्यांचा हिशेब असा : सांगाडा ५० वर्षं टिकतो, वायरिंग-पाइपसारख्या सोयी साधारण १५ वर्षं, आणि आतली सजावट ५ ते ७ वर्षांत बदलते. ५० वर्षांची बेरीज केली, तर आतल्या बदलांवर मूळ इमारतीच्या तिप्पट पैसा जातो. स्टुअर्ट ब्रँड यांनी १९९४ च्या ‘हाऊ बिल्डिंग्ज लर्न’ या पुस्तकात हीच मांडणी पुढे नेली. पैसा जातो तिथे माल जातो. माल जातो तिथे भट्टीचा गॅस, ट्रकचं डिझेल आणि शेवटी राडारोडा येतो. पर्यावरणाचा विचार करणाऱ्या दुकानदाराने म्हणूनच आधी पायाखाली आणि हाताखाली पाहायला हवं.

निवड करताना एक प्रश्न बहुतेक वेळा पुरतो : या वस्तूचा रंग किती खोल आहे?

एकाच दुकानात तीन टाइल

टाइलच्या दुकानात शेजारी शेजारी लावलेल्या तीन टाइल डोळ्यांना सारख्याच दिसतात. त्यांच्या कडा पाहिल्या की फरक कळतो. ग्लेझ्ड व्हिट्रिफाइड म्हणजे जीव्हीटी टाइलवर संगमरवराचं किंवा लाकडाचं चित्र डिजिटल छपाईने उमटवलेलं असतं. त्यावर काचेसारखा पातळ थर असतो. दोन्ही मिळून मिलिमीटरभरही भरत नाहीत. डबल चार्ज टाइलमध्ये रंगीत मातीचा वरचा थर ३-४ मिलिमीटरचा असतो. फुल बॉडी टाइलमध्ये तोच रंग तळापर्यंत जातो.

कमी वर्दळीच्या खोलीत जीव्हीटी वर्षानुवर्षं सुखाने राहते. पण कृषी सेवा केंद्राच्या दारात पावसाळ्यात चिखलाचे बूट, खताच्या गोण्या आणि हातगाडीची चाकं यांचा रोजचा राबता असतो. बुटाच्या तळाशी अडकलेली खर तिथे दिवसभर घासली जाते. छापील थर एकदा उडाला की कोणतंही मशीन तो परत आणू शकत नाही. अशा जागी फुल बॉडी किंवा डबल चार्ज घेणंच शहाणपणाचं.

आणखी एक अडचण प्रत्येक दुकानदाराच्या ओळखीची आहे. एक टाइल फुटते, आणि तोच नंबर, तीच छटा बाजारात उरलेली नसते. मोरबीच्या कारखान्यांतून डिझाइनं सतत बदलतात आणि एकाच डिझाइनच्या दोन बॅचमध्येही छटा सरकते. काम चालू असतानाच दोन-तीन खोकी जास्त घेऊन, खोक्यावरचा बॅच नंबर लिहून ती माळ्यावर ठेवली, तर पुढे एका टाइलपायी अख्खी जमीन उखडावी लागत नाही.

द्राक्षांच्या तालुक्यातलं आम्ल

दगड घ्यायचा ठरलं की आपल्याकडे तीन नावं चटकन येतात : कोटा, शहाबाद, कडप्पा. राजस्थान, कर्नाटक आणि आंध्रातून येणारे हे तिन्ही चुनखडीचे दगड. संगमरवरही त्यांच्याच कुळातला. सगळ्यांचा मुख्य घटक कॅल्शियम कार्बोनेट, आणि आम्ल हा त्याचा शत्रू. कडप्प्याच्या ओट्यावर लिंबाचा रस सांडला की पांढरट डाग उरतो, हे घरोघरी माहीत आहे. तो डाग वरून चिकटलेला नसतो; तिथला दगडच विरघळलेला असतो. म्हणून तो साबणाने जात नाही.

दिंडोरीत ही गोष्ट अधिक महत्त्वाची ठरते. तालुका द्राक्षांचा आणि टोमॅटोचा. शांदोंची वाइनरी इथे आहे, सुलाच्या एका प्रसिद्ध वाइनचं नावच ‘दिंडोरी रिझर्व्ह’ आहे. द्राक्षातलं मुख्य आम्ल टार्टारिक. वाइनचा पीएच ३ ते ४ च्या दरम्यान असतो. वाइन चाखण्याच्या दालनात, ज्यूस सेंटरवर किंवा हॉटेलच्या भटारखान्यात पॉलिश केलेला कोटा घातला, तर त्याची चमक सर्वांत आधी सांडलवंडीच्या जागी जाते. सीलर लावल्याने रंगाचा डाग आत मुरत नाही, मात्र आम्लाची खोड थांबत नाही.

इथे स्थानिक काळा दगड कामाला येतो. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यातून घडलेला बेसाल्ट हा सिलिकेट खनिजांचा. लिंबू, ताक, द्राक्षरस यांना तो दाद देत नाही. कठिणतेच्या मोहस् मापावर चुनखडीतलं कॅल्साइट ३ वर येतं, तर बेसाल्टमधलं फेल्डस्पार ६ च्या आसपास. त्याला भट्टी लागत नाही, लांबचा ट्रकही लागत नाही. पायरी किंवा उंबरा गुळगुळीत होऊन पाय घसरू लागला, तर पाट्या-वरवंट्याला लावतात तशी टाकी लावली की दगड पुन्हा खरखरीत होतो. ही दुरुस्ती गावातल्या पाथरवटाच्या हाताने, तासाभरात, दगड जागचा न हलवता होते.

मात्र काळ्या दगडाची खाणही डोंगर पोखरते. नाशिक परिसरातल्या डोंगरांवरच्या उत्खननाविरुद्ध पर्यावरणप्रेमींनी वारंवार आवाज उठवला आहे. त्यामुळे पहिली पसंती पाडलेल्या वाड्यांच्या जुन्या दगडाला द्यावी. जुनी बांधकामं चुन्यात असल्याने तिथला दगड आणि विटा सहसा अखंड सुटतात. सिमेंटने किंवा अॅडहेसिव्हने चिकटवलेली टाइल बहुधा तुकड्यांतच निघते.

प्रक्रिया उद्योगांचं गणित वेगळं आहे. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्ससारख्या केंद्रात जिथे फळं धुतली, कापली आणि भरली जातात, तिथे फटीत ओल आणि जंतू साचू नयेत म्हणून बिनसांध्याची जमीन लागते. अशा जागी पीयू काँक्रीटचा जाड थर उपयोगी पडतो. गरम पाण्याची धुलाई आणि आम्ल तो इपॉक्सीपेक्षा चांगलं सोसतो. तुकडा उडाला तर तेवढाच भाग चौकोनी कापून पुन्हा भरता येतो.

घासाईचं मशीन

बँका, शाळा, सरकारी कचेऱ्या आणि जुन्या दवाखान्यांत ठिपक्यांची मोझॅक लादी अजून दिसते. सिमेंटमध्ये संगमरवराची खडी मिसळून केलेला तिचा वरचा थर काही मिलिमीटर जाड असतो. म्हणून ती कळकट झाली की काढावी लागत नाही, घासाई करावी लागते. खरखरीत दगडापासून बारीक दगडापर्यंत क्रमाने पाणी सोडून मशीन फिरवलं, शेवटी पॉलिश मारलं, की जुनीच लादी नव्याने उजळते. कोट्यालाही हीच घासाई चालते. आम्लाचा संपर्क नसलेल्या कपड्याच्या दुकानात, पतसंस्थेत, अभ्यासिकेत कोटा किंवा मोझॅक हा आजही उत्तम पर्याय आहे.

नक्षीची हौस असेल, तर हाताने भरलेल्या सिमेंट टाइल आहेत. स्वदेशीच्या काळात, १९२२ मध्ये, सिधवा कुटुंबाने ‘भारत टाइल्स’ सुरू केली. ती कंपनी आजही अशा टाइल बनवते. साच्यात रंगीत सिमेंटचा थर ओतायचा, दाबयंत्राने दाबायचा आणि मग पाण्यात मुरवायचा. ही टाइल भट्टीत जात नाही. सिमेंट बनवताना कार्बन बाहेर पडतोच, पण नक्षी पृष्ठभागाच्या आत भरलेली असल्याने तिचं आयुष्य दीर्घ असतं, आणि एखादी फुटली तर त्याच साच्यातून जोडीची टाइल पुन्हा काढता येते.

काउंटरची कड

सनमायका म्हणून आपण ज्याला ओळखतो, ते लॅमिनेट रेझिनमध्ये भिजवलेल्या कागदांचे थर दाबून बनतं. अमेरिकेत १९१३ साली सुरू झालेल्या फॉर्मिका कंपनीपासून त्याची मूळ कल्पना तीच आहे. दुकानात वापरला जाणारा तक्ता साधारण १ मिलिमीटरचा. त्याला रंधा मारता येत नाही, पॉलिश पेपरही चालत नाही. आणि तो बिघडतो सहसा कडेने : पाणी आत शिरतं, प्लाय फुगतो, तक्ता सुटतो.

पैशाची तंगी असेल तर लॅमिनेट वापरावं, पण कडेला सागवानाची भरीव पट्टी, सुतारांच्या भाषेत लिपिंग, लावून घ्यावी. धक्के ती खाते, आणि झिजली की तेवढीच रंधून किंवा बदलून घेता येते. वर सतत पैसे, किल्ल्या, वजनं सरकत असतील, तर जुन्या वाड्यातल्या सागवानी तुळईच्या फळ्या कापून केलेलं काउंटर कित्येक वेळा रंधता येतं. व्हिनिअरला ही मुभा नाही. अर्ध्या मिलिमीटरच्या लाकडावर पॉलिश पेपर एखाद-दोनदाच फिरतो.

कृत्रिम क्वार्ट्झच्या ओट्यांबद्दल सावधगिरी हवी. त्यांत सिलिकाचं प्रमाण बहुधा नव्वद टक्क्यांच्या आसपास असतं, आणि ते कापताना उडणारी धूळ कारागिरांच्या फुप्फुसांत सिलिकोसिस निर्माण करते. याच कारणाने ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा दगडावर बंदी घातली. दगड कोणताही असो, तो पाणी सोडूनच कापला जावा आणि कारागिराच्या तोंडावर योग्य मास्क असावा, ही अट मालकानेच घालायला हवी.

भाड्याचा गाळा

बहुतेक दुकानं भाड्याच्या जागेत असतात. करार संपला की सजावट तोडून टाकली जाते. केंद्राच्या २०१६ च्या बांधकाम-पाडकाम कचरा नियमांनी कचरा व्यवस्थापनाचा आराखडा देण्याची सक्ती केली होती, ती दिवसाला २० टन किंवा महिन्याला एका प्रकल्पातून ३०० टन कचरा करणाऱ्यांवर. एका गाळ्याचा राडारोडा त्याच्या आसपासही पोचत नाही, आणि गावाबाहेरच्या नाल्याकाठी जाऊन पडतो.

भाडेकरूने म्हणून काढता येईल अशीच सजावट करावी. काउंटर सुटं असावं. फळ्या फेविकॉलऐवजी स्क्रूने जोडलेल्या असाव्यात. भिंतीवरचे पॅनल लाकडी पट्ट्यांवर अडकवलेले असावेत. ब्रसेल्समधली ‘रोटर’ ही संस्था जुन्या कचेऱ्यांमधल्या टाइल, दारं, दिवे जपून सोडवते आणि पुन्हा विकते. आपल्याकडे जुन्या सागवानाचे व्यापारी हेच काम पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. त्यांच्यापर्यंत माल अखंड पोचावा, एवढी सोय जोडणीतच ठेवायची.

काम देताना ठेकेदाराच्या कागदावर चार गोष्टी लिहून घ्याव्यात : वरच्या थराची जाडी, मालाचा बॅच नंबर आणि राखीव नग, कोणत्या पदार्थाने धुवायचं व कोणत्या नाही, आणि दुरुस्ती करणाऱ्या स्थानिक कारागिराचा पत्ता. चौथ्या रकान्यात नाव भरता येत नसेल, तर त्या मालाचा फेरविचार करावा.

(पुढील भागात : भिंतीचा गिलावा. चुना, माती आणि प्लास्टिक रंग. पावसाळ्यात कोणती भिंत ओल बाहेर टाकते आणि कोणती आत कोंडते.)