सहा ठोकळे, एकोणतीस वर्षं

तुमच्या घरी ठोकळ्यांचा नवा खोका आला, की तुमच्याआधी बाबाच फतकल मारून बसतात का? बसत असतील तर त्यांना हसू नका. ते वेड मलाही आहे! सोलापुरातल्या माझ्या घरी एक अख्खं कपाट लेगोच्या खोक्यांनी भरलंय. पाहुणे विचारतात, "नातवंडांसाठी का हो?" मी म्हणतो, "छे, माझ्यासाठी." मग चहा येईपर्यंत कुणी काही बोलत नाही.

असे वेडे जगभर आहेत बरं का. त्यांच्यासाठी कंपनी मुद्दाम अवघड सेट काढते. २००८ साली ताजमहालाचा सेट निघाला, त्यात ५,९२२ तुकडे होते! पण मोठ्या माणसांना प्लॅस्टिकच्या तुकड्यांत एवढं दिसतं तरी काय? ते कळायला ताजमहाल नको, एकच ठोकळा पुरे. ज्याच्यावर आठ गोल बटणं असतात ना, तो. आम्ही मंडळी त्याला नंबरानं ओळखतो: ३००१.

घेतलात हातात? आता तो उलटा करा. पोटात तीन पोकळ नळ्या दिसतील. खरी गंमत तिथंच आहे.

डेन्मार्कमधल्या बिलुंड गावात ओले कर्क क्रिस्तियनसेन नावाचे सुतार १९३२ पासून लाकडी खेळणी बनवत. १९४९ मध्ये त्यांच्याकडे प्लॅस्टिकचे ठोकळे होऊ लागले. पण हे ठोकळे पोटात रिकामे होते. एकावर एक बसायचे खरे, पण जरा धक्का लागला की मनोरा धाडकन खाली! मग पोटात नळ्या घालायची युक्ती निघाली आणि २८ जानेवारी १९५८ रोजी तिच्या पेटंटसाठी अर्ज झाला.

नळ्यांनी काय केलं? एका ठोकळ्यावर दुसरा अगदी बरोबर बसवा आणि मनातल्या मनात आत डोकावून बघा. कोपऱ्यातल्या बटणाला दोन बाजूंनी भिंती टेकतात आणि तिसरीकडून नळी. मधल्या बटणाला एक भिंत आणि दोन नळ्या. म्हणजे बटण कुठलंही असो, त्याला तीन ठिकाणी पकडलेलं असतं! शिवाय जागा बटणापेक्षा किंचित अरुंद ठेवलेली असते. ठोकळा दाबला की प्लॅस्टिक जरासं ताणलं जातं आणि लगेच मूळ आकारात यायला बघतं. त्यामुळे ते बटणाला घट्ट धरतं आणि उरलेलं काम घर्षण करतं.

असं लवचीक प्लॅस्टिक १९६३ पासून वापरात आलं. त्याचं नाव एबीएस. त्यातला 'बी' म्हणजे ब्युटाडाइन. रबरासारखा लवचीकपणा येतो तो त्याच्यामुळे. हे प्लॅस्टिक सुमारे २३० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून पातळ करतात आणि पोलादी साच्यात दाबून भरतात. साच्यात केसाच्या जाडीइतकीही चूक चालत नाही. जागा थोडी सैल झाली तर ठोकळा गळून पडेल, थोडी घट्ट झाली तर तुम्ही तो दातांनी ओढायला जाल! मापं इतकी काटेकोर सांभाळली आहेत, की १९५८ चा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर टक्कन बसतो.

आता प्रश्न असा, की रंग आणि आकार तेच असलेले दोन ठोकळे एकमेकांवर किती प्रकारे बसतील? उत्तर आहे २४. तीन ठोकळे घेतले तर? १,०६०. आणि सहा घेतले तर? धरून बसा... ९१,५१,०३,७६५! दर सेकंदाला एक रचना केलीत, न जेवता, न झोपता, तरी सगळ्या संपवायला २९ वर्षं लागतील.

गंमत म्हणजे खुद्द कंपनी बरीच वर्षं हा आकडा १०,२९,८१,५०० असा सांगत होती. त्या मोजणीत फक्त सहा मजली रचना धरल्या होत्या. एका मजल्यावर दोन-तीन ठोकळे शेजारी शेजारीही बसू शकतात, ते राहूनच गेलं होतं! कोपनहेगन विद्यापीठातले गणिती सोरेन आयलर्स यांनी संगणकाला कामाला लावलं, तेव्हा खरा आकडा हाती आला.

म्हणूनच सेट एकदा चित्रात दाखवल्यासारखा जोडून झाला, की आमचा खरा खेळ सुरू होतो. सगळं मोडायचं आणि स्वतःचं काहीतरी करायचं. सध्या मी सोलापुरी चादर करतोय. आपल्या चादरीवरची नक्षी अगदी जवळून बघितली आहे का? लांबून फुलाची पाकळी गोल वाटते, पण डोळे टेकवून बघा, तिच्या कडेला बारीक बारीक पायऱ्या दिसतील. कारण जकार्ड मागावर विणायची नक्षी आधी चौकटीच्या कागदावर काढतात. मग तिच्याप्रमाणे पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडतात. कुठला धागा वर उचलायचा आणि कुठला खाली ठेवायचा, हे भोक आहे की नाही यावरून ठरतं. म्हणजे दोनच पर्याय, आणि त्यांतून अख्खी बाग!

माझा पाया ३२ बाय ३२ बटणांचा आहे. एकूण बटणं १,०२४, आणि एकेक बाजू जेमतेम २५.६ सेंटिमीटर. प्रत्येक बटणावर एक छोटा चपटा तुकडा: लाल नाहीतर पांढरा. तुकडे शोधताना एक शहाणपण शिकलो, तेही सांगतो. ठोकळे रंगाप्रमाणे लावून ठेवू नका, आकाराप्रमाणे ठेवा. लाल ढिगातून एक बारीक लाल तुकडा शोधताना डोळे शिणतात, पण बारीक तुकड्यांच्या ढिगातला लाल चटकन दिसतो. आपल्या डोळ्यांना आकारापेक्षा रंग लवकर सापडतो. खोटं वाटतंय? आईला घड्याळ लावून बसवा आणि दोन्ही प्रकारे शोधून बघा.

आणि हो, ते २४ प्रकार स्वतः शोधा. आधी दोन्ही ठोकळे एकाच दिशेला लांब ठेवा: ११ प्रकार मिळतील. मग वरचा आडवा करा: आणखी १३. पंचविसावा सापडला असं वाटलं, तर ओरडण्याआधी जोडी हातात घेऊन अर्धा गिरका द्या. आधीच्या चोविसांतलाच एखादा तोंड फिरवून बसलेला असेल!