कूतचा वेढा : भूक आणि गावाची धास्ती

परदेशी गेलेल्या पलटणीचं म्हटलं की आपण लढाई पाहतो. आज तिचं ताट पाहू. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, टायग्रिसकाठी कूत-अल-अमारा इथे डिसेंबर १९१५ पासून १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी वेढ्यात अडकल्या. धान्य आटलं. दळणासाठी जात्याचे दगडसुद्धा विमानातून टाकावे लागले. कळण्याच्या भाकरीवर वाढलेल्या आपल्या खान्देशाला त्या दगडाचं मोल सांगायला नको!

गोरे सैनिक घोड्याचं मांस खाऊ लागले. हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी नाकारलं. मग स्कर्व्ही आली. हिरड्या सुजल्या, जखमा भरेनात. जनरल टाउनशेंडने हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंची संमती मागवली. ती आली, तरी पुष्कळ जण खाईनात. का बरं? पोथीने मोकळं केलं तरी गाव करील का, घरच्या मुलीबाळींची लग्नं जमतील का, ही धास्ती. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही धर्म ग्रंथांतून शिकवत आलो. या शिपायांना तो परतल्यावर पंगतीत पान मिळेल की नाही, यात दिसत होता. एप्रिलमध्ये बहुतेकांनी खाल्लं, पण अंगात त्राण उरलं नव्हतं. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली, आणि उरलेल्यांना कैदी म्हणून वाळवंटातून चालवत नेलं.