लंगोट बदलताना तान्हं बाळ का रडतं? कारण ओळखा, बाळ शांत राहील आणि बाळंतिणीचाही जीव हलका होईल

घरात तान्हं बाळ आलं की पहिल्या महिन्यात दिवसरात्र मिळून आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही जास्त वेळा लंगोट बदलावा लागतो. बरीच बाळं प्रत्येक वेळी घर डोक्यावर घेतात. मग घरात चर्चा सुरू होते. कुणी म्हणतं पोट दुखतंय, कुणी म्हणतं दृष्ट लागली, तर कुणी थेट बाळंतिणीवरच येतं, "हिचं दूध पुरत नाही." त्यातूनच बाळाच्या तोंडात मधाचं बोट, घुटी किंवा साखरेचं पाणी जातं.

यातला मध तर धोक्याचा आहे. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बॉट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध द्यायचं, वरचं पाणीसुद्धा नको. लंगोट बदलताना बाळ रडतं त्याची कारणं बहुतेक वेळा साधी असतात आणि त्यावरचे उपाय घरातच, बिनखर्चाचे आहेत.

बाळ नेमकं कशामुळे रडतं?

थंडी : आईच्या पोटात बाळ नऊ महिने उबेत असतं. बाहेर आल्यावर त्याला स्वतःचं अंग गरम ठेवणं अवघड जातं. वजनाच्या मानाने त्याच्या अंगाचा पृष्ठभाग मोठा असतो, कातडीखाली चरबी कमी असते आणि मोठ्या माणसासारखं कुडकुडून ऊब तयार करणं त्याला जमत नाही. त्यात ओला लंगोट काढला आणि वारा लागला की अंग झपाट्याने गार पडतं. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाला हा त्रास जास्त होतो.

दचकणं : बाळाला पटकन उताणं ठेवलं की ते दोन्ही हात फाकवतं, दचकतं आणि रडतं. डोक्याचा आधार सुटला की आपण पडतोय असं त्याला वाटतं. डॉक्टर याला मोरो रिफ्लेक्स म्हणतात. हे निरोगी बाळाचं लक्षण आहे आणि साधारण चार ते सहा महिन्यांत ते आपोआप जातं.

भूक आणि मोडलेली झोप : भुकेल्या बाळाला दोन मिनिटंही दम नसतो. गाढ झोपेतून उठवलेल्या बाळाचंही तसंच.

जळजळ : ढुंगणाची किंवा जांघेतली कातडी लाल झाली असेल, तर साधं पाणी लागलं तरी झोंबतं.

आधी तयारी, मग बाळाला हात

बाळ उघडं पडल्यावर "अगं, बाळोतं कुठंय?", "पाणी आणा" अशी धावपळ सुरू झाली की बाळाचं रडणं वाढतं. म्हणून सगळं सामान आधी हाताशी घ्यावं :

- धुतलेलं, पूर्ण वाळलेलं बाळोतं किंवा डायपर
- कोमट पाण्याची वाटी आणि मऊ सुती कापडाचे किंवा कापसाचे तुकडे
- अंग टिपायला कोरडं फडकं
- बाळाच्या खाली घालायला दुपटं आणि अंगावर टाकायला दुसरं दुपटं
- लागलं तर बदलायला झबलं

जागा शक्यतो जमिनीवर असावी. चटई किंवा सतरंजी, त्यावर गोधडी आणि दुपटं. खाट, कॉट किंवा दिवाणावर बदलत असाल तर बाळावरचा एक हात काढू नये. तान्हं बाळ पालथं पडत नाही हे खरं, पण पाय झाडत ते कडेला सरकू शकतं.

खोलीत वारा नको. पंखा बंद करावा, समोरासमोरची दारं-खिडक्या लोटून घ्याव्यात. नवजात बाळासाठी खोली साधारण २५ ते २८ अंश असावी, म्हणजे मोठ्या माणसाला थोडं उकडल्यासारखं वाटेल इतकी. थंडीत ऊब हवी म्हणून बाळाजवळ धुरी किंवा धुराची शेगडी ठेवू नये. तो धूर बाळाच्या छातीत जातो आणि बंद खोलीत कोळशाची शेगडी जिवावर बेतू शकते. दुपटं गरम कपडे असलेल्या पेटीत ठेवलं किंवा आईने पोटाशी धरून उबवलं तरी काम होतं.

साबणाने हात धुवावेत, कोरडे करावेत आणि एकमेकांवर चोळून गरम करावेत. गार हात लागला की बाळ लगेच अंग आखडतं.

बदलताना हा क्रम ठेवा

१. बाळाला उचलण्याआधी त्याच्याशी बोलावं. आईचा आवाज त्याने पोटात असल्यापासून ऐकलेला असतो. दर वेळी तेच दोन शब्द किंवा तीच गुणगुण ठेवली तर काही दिवसांत बाळ ती ओळखू लागतं. चेहरा वीतभर अंतरावर असावा, कारण नवजात बाळाला तेवढ्याच टप्प्यातलं बरं दिसतं.

२. खाली ठेवताना आधी ढुंगण टेकवावं, मग पाठ, शेवटी डोकं. डोक्याखालचा हात सगळ्यात शेवटी, सावकाश काढावा. एवढ्या एका बदलाने बऱ्याच बाळांचं दचकणं कमी होतं.

३. झबलं-टोपरं काढू नये. फक्त कमरेखालचा भाग उघडावा. छातीवर आणि हातांवर हलकं दुपटं टाकावं किंवा आपला एक हात छातीवर टेकवून ठेवावा.

४. जुना लंगोट सोडून लगेच ओढून काढू नये. वारा लागताच पुष्कळ बाळं पुन्हा शू करतात. थोडं थांबावं, मुलगा असेल तर वरून फडकं धरावं.

५. दोन्ही पाय घोट्याला धरून उंच उचलू नयेत. पोटावर दाब येऊन प्यायलेलं दूध बाहेर येतं, शिवाय खुब्याच्या सांध्यावर ताण पडतो. कमरेखाली हात घालून किंचित उचलावं, नाहीतर बाळाला कुशीवर वळवून पुसावं. पुष्कळ बाळं कुशीवर जास्त शांत राहतात.

६. पाणी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहावं. कोमट लागलं तरच वापरावं. घासू नये, टिपावं. फक्त शू असेल तर साबणाची गरज नाही.

७. जांघेतल्या वळ्या कोरड्या करून मगच नवा लंगोट बांधावा. पोटाशी दोन बोटं सहज जातील इतका सैल असावा.

मध्येच बाळ फारच रडायला लागलं तर उरकायची घाई करू नये. दुपट्यात झाकून मिनिटभर छातीशी धरावं, मग उरलेलं काम करावं.

लंगोट झाल्यावर पाय सरळ ताणून घट्ट बांधून ठेवायची पद्धत काही घरांत अजून आहे. ती सोडलेली बरी. गुडघे वाकलेले, मांड्या फाकलेल्या, बेडकासारखी स्थिती हीच बाळाच्या खुब्यासाठी चांगली. दुपट्यात गुंडाळायचं तर कमरेखाली सैल ठेवावं.

दूध आधी की लंगोट आधी?

भुकेलं बाळ दुधाआधी लंगोट बदलू देत नाही. पोटभर दुधानंतर बदललं तर ओकतं, किंवा लागलेली झोप मोडते. यावर मधला मार्ग आहे. एका बाजूचं दूध पाजावं, ढेकर काढावी, लंगोट बदलावा आणि मग दुसरी बाजू पाजावी. भुकेचा जोर ओसरलेला असल्याने बाळ शांत असतं आणि पुढचं पिऊन झोपी जातं. दूध पिताच शी होणं हेही नेहमीचंच आहे. ते जुलाब नव्हेत.

रात्री शी झाली असेल तर लगेच बदलावं. डायपर असेल आणि फक्त थोडी शू असेल, तर गाढ झोपेतल्या बाळाला मुद्दाम उठवू नये. सुती बाळोतं मात्र ओलं होताच बदलावं, कारण त्याची ओल थेट अंगाला लागते आणि बाळ गार पडतं. मोठा दिवा लावू नये, मोबाईलचा टॉर्च भिंतीकडे तोंड करून ठेवावा. बाळाच्या डोळ्यांवर उजेड नको.

नाळ, मुलगी, मुलगा

नाळ साधारण एक ते दोन आठवड्यांत सुकून पडते. तोवर लंगोट नाळेच्या खाली दुमडावा, म्हणजे शू तिथपर्यंत जात नाही आणि नाळ दुखावतही नाही. नाळेवर हळद, तेल, राख, शेण, कुंकू काहीही लावू नये. कोरडी आणि स्वच्छ राहिली की पुरे.

मुलीला नेहमी पुढून मागे पुसावं, म्हणजे शीचे जंतू शूच्या जागी जात नाहीत. पहिल्या आठवड्यात मुलीच्या लंगोटावर थोडा पांढरा स्राव किंवा रक्ताचा डाग दिसू शकतो. आईच्या हार्मोनचा परिणाम कमी होताना असं होतं आणि ते आपोआप थांबतं. मुलाची लघवीच्या जागेची कातडी मागे ओढून साफ करू नये.

बाळोतं की डायपर?

दोन्ही चालतं. जुन्या सुती साडीचं किंवा धोतराचं मऊ बाळोतं उत्तम, फक्त ते नीट धुतलेलं हवं. साबण कपड्यात राहिला तर कातडी लाल होते, म्हणून दोन-तीनदा खळबळून काढावं. वाळवावं कडक उन्हात. पावसाळ्यात चार-चार दिवस ऊन दिसत नाही, तेव्हा ओलसर बाळोतं वापरण्यापेक्षा त्यावर गरम इस्त्री फिरवून पूर्ण कोरडं करावं. जास्तीची डझनभर बाळोती तयार ठेवली तर बाळंतिणीची ओढाताण होत नाही.

डायपर वापरत असाल तर तो दर तीन-चार तासांनी पाहावा आणि शी होताच बदलावा. वापरलेला डायपर गटारात, ओढ्यात किंवा उकिरड्यावर उघडा टाकू नये. शी संडासात टाकून, डायपर गुंडाळून कागदात बांधावा आणि कचरा गाडीत वेगळा द्यावा.

कातडी लाल झाली असेल तर दिवसातून काही वेळ ऊबदार जागी लंगोट न बांधता ठेवावं आणि झिंक ऑक्साईडचं मलम लावावं. टाल्कम पावडर नको, तिची धूळ बाळाच्या श्वासात जाते. दोन-तीन दिवसांत फरक पडला नाही, वळ्यांमध्ये गडद लाल चट्टे आणि आजूबाजूला बारीक पुटकुळ्या दिसल्या, तर ते बुरशीचं असू शकतं. अशा वेळी दुकानातून मनाने मलम न आणता डॉक्टरांना दाखवावं.

लंगोट पाहून कळतं दूध पुरतंय की नाही

"दूध पुरत नाही" या वादावर लंगोट मोजणं हा सोपा उपाय आहे. पहिल्या दिवशी निदान एकदा, दुसऱ्या दिवशी दोनदा, तिसऱ्या दिवशी तीनदा शू व्हावी. पाचव्या-सहाव्या दिवसापासून दिवसरात्रीत सहा किंवा जास्त वेळा शू होत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरतंय. वरचं दूध सुरू करण्याची गरज नाही.

शीचा रंगही बदलत जातो. पहिले दोन-तीन दिवस काळी-हिरवी, चिकट, मग हिरवट, चौथ्या-पाचव्या दिवसापासून मोहरीसारखी पिवळी, पातळ, कणीदार. शी पांढरी किंवा चिकणमातीच्या रंगाची दिसली तर मात्र एक दिवसही थांबू नये. यकृताच्या पित्तनळीचा आजार असू शकतो आणि त्यात वेळेला फार महत्त्व असतं.

आशाताईंना विचारा

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच प्रशिक्षित महिलांकडून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. त्यामुळे बालमृत्यू मोठ्या प्रमाणात घटल्याचं १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालं. पुढे हीच पद्धत देशभर आली. आज दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. घरी बाळंतपण झालं असेल तर पहिल्या दिवशीही येतात. त्या बाळाचं वजन आणि ताप पाहतात. त्यांच्यासमोरच एकदा लंगोट बदलून दाखवावा, शंका विचाराव्यात.

ही लक्षणं दिसली तर थांबू नका

लंगोट बदलताना बाळाचं सगळं अंग दिसतं. म्हणून दर वेळी हाताच्या मागच्या बाजूने पोट आणि तळपाय पाहावेत. पोट गरम आणि पाय गार असतील तर बाळाला थंडी वाजतेय. लगेच आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घालावं. पोट आणि पाय दोन्ही गार असतील तर तसंच छातीशी धरून दवाखाना गाठावा.

खालीलपैकी काहीही दिसलं तरी तातडीने न्यावं :

- बाळ दूध ओढत नाही, मलूल पडलंय
- अंगात ताप आहे
- श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, किंवा छाती आत ओढली जातेय
- झटके येतात
- नाळेभोवती लाली, सूज, पू किंवा घाण वास
- पहिल्याच दिवशी कावीळ, तळहात-तळपाय पिवळे, किंवा दोन आठवड्यांनंतरही कावीळ
- पहिल्या २४ तासांत शी नाही किंवा ४८ तासांत शू नाही
- शीतून रक्त, हिरवी उलटी, पोट फुगलेलं
- एक पाय हलवला की किंचाळतं, किंवा कशानेही न थांबणारं रडणं

गाडीसाठी १०२ किंवा १०८ वर फोन करावा. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात आजारी नवजात बाळाला सरकारी दवाखान्यात उपचार आणि ने-आण मोफत आहे.

आणि एक गोष्ट घरातल्या बाकीच्यांसाठी. बाळंतीण रात्रभर जागी असते. लंगोट बदलणं बाळाच्या बापाला, आजीला, आत्यालाही येतं. दिवसातले तीन-चार लंगोट त्यांनी बदलले तर आईला सलग दोन तास झोप मिळते. हात तिचे असोत की दुसऱ्या कुणाचे, ते स्वच्छ, गरम आणि निवांत असले की बाळाला पुरतं.