गजांआडचे मन

तुरुंग म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे उंच भिंती, लोखंडी गज आणि पुरुष कैदी उभे राहतात. तेथे स्त्रियाही असतात, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही. २०२२ अखेर भारतातील तुरुंगांत ५,७३,२२० कैदी होते. त्यांत स्त्रिया २३,७७२, म्हणजे शेकडा चार. संख्या थोडी, म्हणून त्यांचा विचारही थोडाच होतो. आमच्या कडोदऱ्यापासून लाजपोरचा सुरत मध्यवर्ती तुरुंग फारसा दूर नाही, पण आमच्या बोलण्यात तो क्वचितच येतो.

वास्तविक तुरुंग आणि मनःशांती यांचे नाते मराठी माणसाला नवे नाही. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. परंतु ते सत्याग्रही होते. समाज त्यांच्या पाठीशी होता. आजच्या सामान्य स्त्री-कैद्याचे तसे नाही. पुरुष आत गेला तर बायको भेटीला जाते. बाई आत गेली तर पुष्कळदा सासर आणि माहेर दोन्ही पाठ फिरवतात. त्यात मुलांची काळजी आणि खटल्याची अनिश्चितता. एकूण कैद्यांपैकी सुमारे तीनचतुर्थांश कच्चे कैदी आहेत. म्हणजे त्यांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही. अशा स्थितीत मन खचले तर नवल काय?

यावर एक उपाय म्हणून सजगतेची साधना पुढे आली आहे. सजगता म्हणजे या क्षणी श्वास कसा चालला आहे, शरीरात काय जाणवते आहे, मनात काय उठते आहे हे शांतपणे पाहणे. राग आला तर ‘राग आला आहे’ एवढे ओळखले, की राग आणि कृती यांच्यामध्ये थोडी फट पडते. त्या फटीत माणसाला विचार करता येतो.

सत्यनारायण गोएंका यांच्या विपश्यना पद्धतीचे पहिले तुरुंग-शिबिर १९७५ साली जयपूरला झाले. १९९४ च्या एप्रिलमध्ये, किरण बेदी तुरुंग महानिरीक्षक असताना, तिहारमध्ये हजाराहून अधिक कैदी एका शिबिरात बसले. अमेरिकेत सिएटलच्या एका तुरुंगातील शिबिरांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. शिबिर केलेल्यांत सुटकेनंतर तीन महिन्यांनी व्यसनाचे प्रमाण कमी आढळले. मात्र शिबिरात स्वखुशीने बसणारे मुळातच सुधारण्यास उत्सुक असू शकतात, हेही विसरू नये.

येथे दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या निकालानुसार सहा वर्षांपर्यंतचे मूल आईजवळ तुरुंगात राहू शकते. कडेवर मूल असलेल्या बाईला दहा दिवसांचे मौन कसे झेपावे? तिला रोजची वीस मिनिटेच उपयोगी पडतील. दुसरे, गंभीर मनोविकार असलेल्या स्त्रीला डोळे मिटून बसविणे अपायकारक ठरू शकते. तिला डॉक्टरच हवा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने प्रत्येक राज्यात किमान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मानसिक उपचारांची सोय करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे.

आणि काही दुःखे श्वासाने सुटणारी नसतात. जामिनाचे पैसे नाहीत म्हणून अडकलेल्या बाईला आधी वकील पाहिजे. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रीला आणि कोठडीतील व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हा हक्क अनेकींना ठाऊकही नसतो. आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी ताळेबंदाच्या दोन्ही बाजू पाहावयास शिकतो. साधनेचा लाभ जमेस धरावा, पण तिच्या नावाखाली न्यायाचे देणे बुडवू नये.

राहता राहिला आपला वाटा. सुटून आलेली बाई आपल्याच गल्लीत राहावयास येते. तिला काम मिळावे, तिच्या मुलांना कोणी टोचून बोलू नये, एवढे आपल्या हाती आहे. तुरुंगात सावरलेले मन बाहेर टिकेल की नाही, हे पुष्कळसे आपल्यावर अवलंबून आहे.