करमलं नाही तर?

“करमलं नाही तर फोन कर, लगेच न्यायला येतो.” बारामतीहून आठवडाभराच्या उन्हाळी शिबिराला निघालेल्या लेकराला आईबाप हे हमखास सांगतात. मायेपोटीच सांगतात, पण घोटाळा तिथेच होतो. अमेरिकी बालरोग अकादमीसाठी क्रिस्टोफर थर्बर आणि एडवर्ड वॉल्टन यांनी २००७ साली घरच्या आठवणीने व्याकूळ होणाऱ्या मुलांवर अहवाल लिहिला. त्यात असा शब्द देऊ नका, असं स्पष्ट सांगितलं आहे. एकदा शब्द मिळाला की पोराचं चित्त शिबिरात लागतच नाही. ‘बाबा कधी येतात’ एवढंच डोक्यात राहतं.

जायचं की नाही, हे ठरवताना मुलालाही विचारा आणि आधी दूर राहायची सवय करा, हेही त्या दोघांचं सांगणं. सवयीची सोय आपल्याकडे आहेच. भिगवणच्या मुलाने लासुर्ण्याला आजोळी दोन-चार रात्री काढाव्यात, मात्र आईशिवाय. आई सोबत असली तर तो नुसता पाहुणचार.

बॅग मुलानेच भरावी. आईने भरली की टॉवेल कुठे ठेवलाय हे आईलाच ठाऊक! पूर्वी तांब्या-वाटीवर नाव घालून घेत, तसं आता ताट, बाटली, चपला, चड्ड्या सगळ्यांवर पक्क्या शाईने नाव घालावं. ओल्या कपड्यांना वेगळी पिशवी हवी. बूट नवे असतील तर आठवडाभर आधीपासून वापरावेत, नाहीतर पहिल्याच दिवशी चावतात. बारामती-इंदापूर हा पर्जन्यछायेतला मुलूख. मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो. टोपी, सुती कपडे, ओआरएसच्या पुड्या विसरून चालणार नाही.

हे सगळं चौथी-पाचवीच्या पोरांपुरतंच नाही. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली सुरू झाली. तिच्या सात दिवसांच्या निवासी शिबिरात कॉलेजची मुलं खेड्यात राहून श्रमदान करतात. त्यातही काही जण घर सोडून पहिल्यांदाच राहत असतात.

एक गोष्ट पालक लाजेने दडवतात: मूल रात्री अंथरूण ओलं करतं. शिबिरप्रमुखांना ते आधीच एकटं गाठून सांगावं. दम्याचं, अ‍ॅलर्जीचंही तसंच, औषधांची वेळ कागदावर लिहून. आणि फोनवर मूल मुसमुसलंच, तर आपण गळा काढू नये. जेवायला काय होतं, शेजारी कोण झोपतं, ते विचारावं.