पेंग्विनांच्या वस्तीतले यंत्र

‘रोबो’ हा शब्द आज शाळकरी पोरांच्याही तोंडी आहे. पण तो आला कोठून, हे पुष्कळांना ठाऊक नसते. कारेल चापेक या चेक नाटककाराने १९२० साली लिहिलेल्या एका नाटकात तो प्रथम अवतरला. शब्द सुचविला त्याच्या भावाने. चेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे वेठ; जमीनदाराच्या शेतावर कुळाने फुकट करावयाची ती. म्हणजे रोबो हा मूळचा वेठबिगारच! त्या नाटकात हे वेठबिगार शेवटी बंड करतात. तेव्हा आमच्यासारख्या कामगार चळवळीतल्या माणसाला त्याच्याविषयी कुतूहल वाटले, तर नवल नाही.

आज ज्या रोबोची हकीकत सांगावयाची आहे, तो मात्र कारखान्यात नव्हे, पाखरांच्या वस्तीत कामाला गेला. आपल्याच हिंदी महासागराच्या पार दक्षिणेला क्रोझे नावाची फ्रेंच बेटे आहेत. तेथे राजपेंग्विनांच्या प्रचंड वसाहती आहेत. पाखरू कोणते, ते परत केव्हा आले, किती वर्षे जगले, हे कळावे म्हणून शास्त्रज्ञ पेंग्विनाच्या पंखावर क्रमांकाची धातूची पट्टी अडकवीत. आपल्या हजेरीच्या बिल्ल्यासारखीच म्हणा ना. पेंग्विन त्या पंखांनीच पोहतो. मग ती पट्टी त्याला जड जात असेल काय? फ्रेंच शास्त्रज्ञांनी हे तपासायचे ठरविले. १०० पक्षी घेतले, ५० जणांना पट्टी बांधली, ५० जणांना बांधली नाही, आणि दहा वर्षे हिशेब ठेवला. २०११ साली निकाल प्रसिद्ध झाला. पट्टीवाल्यांना ३९ टक्के पिल्ले कमी झाली आणि त्यांचे जगण्याचे प्रमाण १६ टक्क्यांनी घटले. पट्टीवाले समुद्रात अन्न शोधण्यात जास्त दिवस घालवीत आणि विणीसाठी उशिरा परतत. म्हणजे पट्टीच्या आधारे जी माहिती वर्षानुवर्षे गोळा झाली होती, तिच्यात पट्टीचा त्रासही मिसळलेला होता!

याला आमच्या धंद्यात तोड आहे. वेळ मोजणारा साहेब हातात घड्याळ घेऊन लेथजवळ उभा राहिला, की कामगाराचा हात एक तर घाईने चालतो, नाही तर अडखळतो. आणि त्या घटकेला टिपलेला आकडा पुढे वर्षभर साऱ्या खात्याच्या बोकांडी बसतो. मोजणारा शेजारी उभा राहिल्यानेच काम बदलते, एवढी साधी गोष्ट एका व्यवस्थापनाच्या गळी उतरवायला मला तीन बैठका घालाव्या लागल्या. पेंग्विनाला तर बैठकही मागता येत नाही.

पट्टीला पर्याय होता. कातडीखाली बसविण्याची, एक ग्रॅमही न भरणारी चकती. पण तिला स्वतःची वीज नसते. वाचणारे यंत्र दोन फुटांच्या आत न्यावे लागते. ते न्यायला माणूस गेला की पाखरे घाबरतात, जागा सोडतात, छाती धडधडू लागते. म्हणून ईव्ह ल माओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुरून चालविता येणारी चार चाकांची लहानशी गाडी पाठविली. अंडी उबवीत असलेल्या राजपेंग्विनांच्या हृदयाचे ठोके त्यांनी मोजले. गाडी जवळ आली की ठोके वाढत, पण माणूस आल्यावर वाढत त्यापेक्षा पुष्कळ कमी, आणि लवकर पूर्ववत होत. पाखरे गाडीवर चोच उगारीत खरी. पण हद्दीत घुसलेल्या शेजाऱ्यावरही ती तशीच उगारतात. हा मला तरी मोठा मानच वाटतो.

सम्राटपेंग्विनांची गोष्ट निराळी. त्यांना घरटे नसते, हद्द नसते; बर्फावर सारे दाटीने उभे, आणि पिल्ले थंडीत एकमेकांना बिलगलेली. ती उघडी गाडी पाहून बिचकली. मग अंटार्क्टिकातल्या आदेली प्रदेशात गाडीवर खोटे पिल्लू बसविण्यात आले. पहिले फायबरग्लासचे होते. त्यालाही पाखरे भ्याली. मग पुन्हा पुन्हा दुरुस्त्या करून करडी लव, काळी चोच, काळापांढरा चेहरा असे रूप साधले, तेव्हा कोठे पिल्लांनी त्याला आपल्या घोळक्यात शिरू दिले. मोठी पाखरे तर त्याच्याशी बोलू लागली. आईबाप आणि पिल्लू आवाजावरूनच एकमेकांना ओळखतात. पण या पिल्लाला कंठ नव्हता. पाखरे साद घालीत, थांबत, कान देत. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या कामातली हीच गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली आहे.

आता कोणी विचारील, की असे बेमालूम मिसळणारे यंत्र केवळ पाहूनच थांबेल कशावरून? प्रश्न रास्त आहे. ब्रुसेल्सच्या शास्त्रज्ञांनी २००७ साली झुरळांवर प्रयोग प्रसिद्ध केला. आगपेटीएवढे रोबो, दिसायला झुरळासारखे मुळीच नाहीत, पण त्यांना झुरळाचा वास लावलेला. तेवढ्यावर झुरळांनी त्यांना आपले मानले. झुरळांना अंधारी जागा आवडते. रोबोंना उजेडाकडे झुकणारे बनविले होते. बारा झुरळांत चार रोबो सोडले, तर १०० पैकी ६१ वेळा सारा जमाव उजेडाच्या आसऱ्याला गेला. मालकाचा माणूस युनियनच्या सभेत येऊन बसतो तेव्हा काय होते, हे ज्याने पाहिले आहे त्याला याचे आश्चर्य वाटणार नाही. मात्र उरलेल्या ३९ वेळा काय झाले, तेही ऐका. झुरळे अंधारात गेली, आणि रोबोही निमूटपणे त्यांच्या मागोमाग आत गेले.